अभ्यास आणि बाकीचे सगळे

विशेष शाळेत मुलाचा प्रवेश घ्यायला आलेले पालक बहुतेक वेळा सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतात, "ताई, याला लिहायला-वाचायला येईल ना?" मूल सहा वर्षांचे असो की बारा, प्रश्न बदलत नाही. ते स्वतःच्या हाताने जेवते का, शौचाला जायचे आहे हे वेळेवर सांगते का, रस्त्यात हात सोडून पळते का, ही माहिती आम्ही विचारल्यावरच मिळते आणि तीही खालच्या आवाजात, कारण या गोष्टी घरच्या आहेत आणि त्यांत आपणच कमी पडलो अशी समजूत आईच्या मनात कुठेतरी घर करून बसलेली असते. शाळा म्हणजे पाटी, पुस्तक आणि वही. शेजारच्या मुलांच्या पाठीवर दप्तर आहे, तर आपल्याही मुलाच्या पाठीवर ते असावे, ही इच्छा मला कधीच क्षुल्लक वाटलेली नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत मी बरीच वर्षे शिकवते आहे. आमच्या वेळापत्रकात 'शैक्षणिक' आणि 'जीवनकौशल्ये' असे वेगवेगळे तास असतात. तपासणीला येणाऱ्यांना ते तसे लागतात आणि नव्या शिक्षिकांनाही त्यांचा आधार वाटतो. पण वर्गात काही काळ काढला की या दोन तासांमधली रेघ पुसट होत जाते, आणि मग दोन हट्टी समज डोळ्यांत खुपू लागतात. एक समज पालकांचा, की वहीत जे उतरते तेच शिक्षण. दुसरा आमच्यातल्याच काही जणांचा, की या मुलांना वाचनबिचन कशाला, हाताला काम शिकवा म्हणजे झाले. पहिल्या समजापायी मुलांची वर्षे वाया जातात. दुसऱ्यापायी त्यांचे आधीच लहान असलेले जग आणखी आक्रसते.

सर्वसाधारण शाळेत चौथीपर्यंत बसलेला एक मुलगा आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या आईने त्याच्या सगळ्या वह्या खाकी कव्हरांसकट पिशवीत भरून आणल्या होत्या. अक्षर मोत्यासारखे होते. फळ्यावरून उतरवलेला 'माझा आवडता सण' हा निबंध काना-मात्रेची चूक न करता पानभर लिहिलेला होता. आम्ही टेबलावर पाच चिठ्ठ्या ठेवल्या. त्यांतल्या एकीवर त्याचे नाव होते. तुझे नाव दाखव म्हटल्यावर तो पाचही चिठ्ठ्यांकडे आळीपाळीने पाहत राहिला आणि शेवटी त्याने आईकडे पाहिले. इतकी वर्षे तो अक्षरांची चित्रे काढत होता. वर्गात शांत बसणारे आणि वही पूर्ण करणारे मूल कोणाच्या नजरेत येत नाही, त्यामुळे त्याला त्यातले काहीच वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. मला त्या दिवशी आणखी एक गोष्ट जास्त लागली. ज्या बोटांतून इतकी नेटकी वेलांटी वळत होती, त्या बोटांना स्वतःच्या शर्टाचे बटण लावता येत नव्हते. बोटांत बळ होते, हाताला डोळ्याची साथ होती. पण सकाळी रिक्षा यायच्या घाईत बटणे आई लावत आली होती.

बटण लावणे ही पाहणाऱ्याला एक कृती दिसते. शिकवायला बसले की तिचे तुकडे पडतात. एका हाताच्या चिमटीत बटण धरायचे, दुसऱ्या हाताने काजाची पट्टी ताणायची, बटणाची कड काजात तिरपी घालायची, मग चिमूट सोडून पलीकडून डोकावणारी कड पकडायची, ओढायची आणि पट्टी सारखी करायची. आम्ही याला कार्यविश्लेषण म्हणतो. शिकवताना बरेचदा शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात होते. बाकी सगळे शिक्षिकेने करायचे आणि अर्धे बाहेर आलेले बटण तेवढे मुलाने ओढायचे. ते जमले की त्याच्या आधीचा तुकडा त्याच्याकडे सोपवायचा. काम पुरे होण्याचा आनंद दर वेळी मुलाच्या वाट्याला यावा, हा त्यातला हेतू. पहिल्या तुकड्यापासून शिकवले तर दुसऱ्या-तिसऱ्याला हात अडतो आणि आपले काम दुसऱ्याने संपवलेले पाहत बसायची त्याची जुनी सवय तेवढी पक्की होते.

बटणांच्या सरावासाठी लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडी पट्ट्या मिळतात. त्या उपयोगी असतात, पण चौकटीवर सराईत झालेले मूल अंगातल्या शर्टापाशी पुन्हा अडखळते, कारण चौकट समोर असते आणि शर्ट अंगावर; बटणाची दिशा उलटते, मान खाली घालावी लागते आणि गळ्याजवळचे बटण तर दिसतच नाही. म्हणून सराव लवकरात लवकर अंगातल्या कपड्यावर आणावा लागतो. मदतही क्रमाने कमी करायची असते. आधी हातावर हात, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटाने खूण, मग शब्द. शेवटचा शब्द काढून घेणे सर्वांत अवघड. "लाव, शाब्बास, आता पुढचं लाव," असे आपण बोलत राहतो आणि मूल बटणापेक्षा त्या शब्दांकडे लक्ष देऊन थांबायला शिकते. आमच्या एक ज्येष्ठ सहकारी अशा वेळी दोन्ही हात पाठीमागे बांधून, खिडकीबाहेर पाहत उभ्या राहत. मी त्यांच्याकडून शिकलेल्या गोष्टींत हिचा नंबर वरचा आहे.

हे शास्त्र आता आपल्याकडे चांगले रुळले आहे. आपल्या कित्येक विशेष शिक्षकांनी हाताळलेल्या 'मद्रास विकासात्मक कार्यक्रम पद्धती'च्या तक्त्यात १८ क्षेत्रे आहेत आणि प्रत्येकात २० अशा एकूण ३६० कृती सोप्याकडून अवघडाकडे मांडल्या आहेत. जेवण, कपडे आणि शौच यांच्या बरोबरीने वाचन, लेखन, संख्या, वेळ आणि पैसा ही क्षेत्रे त्याच कागदावर येतात. घरकाम, फावला वेळ आणि व्यवसायही येतात. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रासाठी सिकंदराबादला १९८४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संस्थेने पुढे स्वतःचे तक्ते तयार केले, त्यांचीही वीण अशीच आहे. महाराष्ट्रात तर हे कागद हातात यायच्या कितीतरी आधी काम उभे राहिले होते. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली 'कामायनी' सुरू केली, नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये 'प्रबोधिनी'. रजनीताईंचा स्वतःचा मुलगा असा होता, आणि घरात असे मूल असलेल्या आईला अभ्यास कुठे संपतो व जगणे कुठे सुरू होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्याकडे महिन्यातून एकदा भेळ होते. गॅस लागत नाही, म्हणून लहान गटालाही ती करता येते. हा तास कोणत्या रकान्यात लिहायचा याबद्दल नव्या शिक्षिका दर वेळी विचारतात. आधी हजेरी मोजायची, कारण जितकी मुले तितक्या बशा. मग बशा मांडायच्या, एका मुलापुढे एक. अशी जोडी लावता येणे ही संख्याज्ञानाची पहिली पायरी आहे आणि ती न चढलेली मुले शंभरपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणताना मी पाहिली आहेत. प्रत्येक बशीत दोन वाट्या कुरमुरे. चिंचेची चटणी एक चमचा, तिखट चटणी अर्धा, आणि अर्धा म्हणजे किती हे चमच्यात पाहिल्यावर जितके पटते तितके पुस्तकातल्या रंगवलेल्या वर्तुळात पटत नाही. कांदा मोठी मुले चिरतात, सुरीचे टोक कोणाकडे करायचे नाही हा नियम रोज नव्याने म्हणून. फरसाणाच्या पुड्यावरचे नाव एक जण वाचतो. शेवटी सगळे वाढून होईपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही, आणि आमच्या वर्गात त्या तासाला सर्वांत कठीण गोष्ट हीच असते. भूक लागलेली असताना, वास नाकात शिरलेला असताना, समोरची बशी भरलेली असताना थांबायचे. गणित चुकले तर पुन्हा करता येते. रांगेत न थांबणाऱ्या माणसाला लोक दुसरी संधी देत नाहीत. वेळापत्रकात या तासापुढे मी 'गणित' लिहिते.

गणिताबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मराठी मुलांची इथली अडचण इतरांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतची नावे जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. त्यांत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर: चौ-तीस, त्रे-पन्न, अठ्ठ्या-हत्तर. लिहिताना मात्र दशक आधी येते. एकोणचाळीस म्हणताना तर चाळीस ऐकू येते आणि लिहायचे असतात तीन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. भाषेच्या अभिमानाने बोलणाऱ्यांचे प्रेम खरे होते, याबद्दल मला शंका नाही. पण आमच्या वर्गातल्या मुलांना साठ तीन म्हटल्यावर सहा आणि तीन लिहिता येतात आणि त्रेसष्ट म्हटल्यावर पेन्सिल हवेत थांबते, हे मी रोज पाहते, त्यामुळे माझा कौल कोणत्या बाजूला आहे ते उघड आहे. जुनी नावेही शिकवावीत, कारण दुकानदार तीच बोलणार. पण दार उघडायचे ते सोप्या बाजूने.

त्यात अंकांच्या दोन लिप्या. शाळेत आपण मराठी अंक शिकवतो, आणि घड्याळ, कॅलेंडर, मोबाइल, पुड्यावरची किंमत सगळीकडे इंग्रजी अंक भेटतात. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांची रूपे इतकी सारखी, की पहिल्या मजल्यावर राहणारे मूल लिफ्टमध्ये नवव्याचे बटण दाबते. सर्वसाधारण मूल हा गोंधळ आठवड्याभरात मागे टाकते. आमच्या मुलासाठी तो वर्षभराचा विषय होऊ शकतो, म्हणून आता मी कोणते अंक आधी हे मुलाच्या घरी काय दिसते ते विचारून ठरवते.

पैशाचे तर फारच आहे. २००७ च्या सुमारास निघालेल्या एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांवर हाताच्या मुद्रा होत्या, एकावर उभारलेला अंगठा आणि दोनवर दोन बोटे. दोन्ही नाणी एकाच रंगाची, आकारातही फरक थोडा. पुष्कळांनी तक्रारी केल्या. आमच्या मुलांना मात्र त्या नाण्यांनी फार मदत केली. अंक न ओळखणारे मूल नाण्यावरची बोटे पाहून आपली दोन बोटे वर करी आणि हसे. बरीच वर्षे चालत आलेले पाचाचे पिवळे नाणे मात्र दोनाच्या नाण्यापेक्षा लहान, आणि मोठे म्हणजे जास्त असे ज्याने नुकतेच पक्के केले आहे त्याला हे पटवणे कठीण. मग नोटा आल्या. नोट रंगावरून ओळखायला शिकवणे सोपे पडते म्हणून बहुतेक शाळांत तसे शिकवत. जुनी पन्नासची नोट जांभळट होती आणि जुनी शंभरची निळसर. २०१७ मध्ये आलेली नवी पन्नास झाली निळी, २०१८ मधली नवी शंभर झाली फिकट जांभळी. रंगांची जवळजवळ अदलाबदलच झाली, आणि दोन्ही प्रकारच्या नोटा एकाच वेळी चलनात राहिल्या. मोठ्या कष्टाने नोटा ओळखायला शिकलेली, एकटी दुकानात जाऊ लागलेली मुले त्या दोन वर्षांत पुन्हा आईचा हात धरून जाऊ लागली. नोटबंदीबद्दल पुष्कळ लिहिले गेले, या मुलांबद्दल मी कुठे वाचले नाही.

सुटे पैसे मोजता येणे हे खरेदी शिकण्याची पूर्वअट आहे असे आम्ही मानत नाही. किंमत ऐकायची, तिच्या पुढच्या दहापर्यंत जायचे आणि तेवढ्या दहाच्या नोटा देऊन उरलेले पैसे परत घ्यायचे, अशी एक रीत आहे. चौतीस रुपये म्हटले की चार नोटा. ही रीत जगभर वापरतात, पण मराठीत तिला पुन्हा तीच अडचण येते: चौतीसमधला 'चौ' आधी कानावर पडतो, 'तीस' नंतर. शाळेजवळच्या किराणा दुकानाच्या मालकांना आम्ही विनंती केली, की आमची मुले आली की किंमत दोनदा सांगा, एकदा चौतीस आणि एकदा तीस चार. त्यांनी ते इतके मनावर घेतले, की आता त्यांचा मुलगाही तसेच सांगतो. त्या दुकानाच्या दोन पायऱ्या, काउंटरची उंची, मालकांचा आवाज, मागे वाजणारा रेडिओ हे सगळे त्या धड्याचा भाग आहे. वर्गात मांडलेल्या खोट्या दुकानात यातले काहीच नसते, आणि म्हणून तिथे उत्तम खरेदी करणारे मूल खऱ्या दुकानात गप्प उभे राहते.

अलीकडे हा धडाही डगमगू लागला आहे. घरात कोणी नोटा हाताळत नाही. आई दुकानात मोबाइल पुढे करते, कुठून तरी पैसे मिळाल्याचा आवाज येतो आणि सामान पिशवीत पडते. मुलाच्या दृष्टीने वस्तू आणि पैसा यांच्यामधला दिसणारा दुवाच नाहीसा झाला आहे. पालकसभेत आम्ही आवर्जून सांगतो, की आठवड्यातून एकदा तरी मुलासमोर नोटा देऊन दूध घ्या. काही पालक घेतात.

आमच्या क्षेत्रात एक जुना प्रश्न आहे, आणि काय शिकवावे याचा निर्णय करताना तो फार उपयोगी पडतो: हे काम या मुलाने केले नाही, तर त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला करावे लागेल का? भांडे धुतले नाही तर कोणाला तरी धुवावे लागेल. लंगडीचे नियम आले नाहीत तर कोणाचे अडणार नाही. या चाळणीतून पुष्कळ निरुपयोगी पाठांतर गळून पडले, हे बरे झाले. तरीही ही एकच चाळणी वापरली तर कविता गळते, गोष्ट गळते, नकाशा गळतो, कारण ते मुलाऐवजी दुसऱ्या कोणाला करावे लागत नाही. आमच्याकडच्या एका मुलीला काही शब्द अख्खे ओळखता येतात. बाराखडीच्या वाटेने ती कधी गेली नाही. वर्गातल्या मुलांची नावे, मग 'स्त्रिया', 'थांबा', 'बंद', असे शब्द चित्रासारखे मनात ठेवत ती पुढे सरकली. सहलीला निघताना एसटी स्टँडवर ती फलाटावरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत उभी होती. "सातारा. पुणे. सातारा. कराड." या गावांना ती एकटी कधी जाणार नाही, तिच्या आईलाही ते माहीत आहे. पण गाडी लागेपर्यंतचा तो सगळा वेळ ती कमरेवर हात ठेवून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत होती, आणि बाकावरचे एक आजोबा तिला मुद्दाम विचारत होते, "बाळ, ती पलीकडची कुठली गं?" त्या वाचनाचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी त्यांना उत्तर देण्याच्या भरीस पडत नाही.

जीवनकौशल्यांत काही गोष्टी अशा आहेत, की त्या न शिकवल्याची किंमत मुलींनी शरीराने मोजली आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे त्यामागे दिलेले एक प्रमुख कारण होते. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा ते थांबले. मी मोठ्या मुलींच्या वर्गात पॅड बदलण्याचा धडा घेते, तेव्हा ही घटना माझ्या मनात असते. तो धडाही तुकड्यांनीच शिकवायचा असतो: लाल रंगाचा डाग पडलेला पॅड आणि कोरा पॅड यांतला फरक, चिकट कागद काढून योग्य बाजू खाली लावणे, वापरलेला पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाकणे, हात धुणे, आणि हे सगळे दार बंद करून करायचे व त्याबद्दल फक्त आईशी किंवा ताईंशी बोलायचे, हे समजणे. पाळी येण्याच्या आधी वर्षभर ही तयारी सुरू केली तर बहुसंख्य मुलींना ते जमते. कोणाला सगळे जमते, कोणाला शेवटचे दोन तुकडे सोडून. आई तरीही घाबरलेली असते, आणि तिचे घाबरणे समजण्यासारखे आहे. पण तिची भीती कमी करण्याचा मार्ग शिकवण्यातून जातो, शस्त्रक्रियेतून जात नाही.

याच्याच पोटातला आणखी एक धडा आहे आणि त्याबद्दल आमच्यात मतभेद होतात. आमची मुले आज्ञाधारक व्हावीत म्हणून आपण सगळे झटत असतो. बस म्हटले की बसावे, दे म्हटले की द्यावे, ये म्हटले की यावे; या वळणासाठी बक्षीस म्हणून चुरमुऱ्यापासून टाळ्यांपर्यंत सगळे देतो. असे वळण लागलेले मूल कोणाही मोठ्या माणसाने ये म्हटले की जाते. म्हणून माझ्या वर्गात बोलता येणाऱ्या आणि खुणेने सांगणाऱ्या प्रत्येक मुलाला मी 'नको' शिकवते, आणि ते म्हटल्यावर मानते. चित्रकलेच्या तासाला नको म्हटले तर त्या दिवशी चित्र नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वर्ग ढिला वाटतो. पण ताईंना केलेले नको ऐकले जाते, हा अनुभव ज्याने घेतलेला नाही ते मूल परक्या माणसाला नको कसे म्हणेल? दोन खडूंतला कोणता हवा, पोळी आधी की भात, निळा शर्ट की पांढरा, अशा लहान निवडींपासून ही सवय लागते, आणि तिच्यासाठी वेगळा तास लागत नाही.

घराचा विषय निघाला की शिक्षकांनी पालकांना उपदेश करायचा मोह आवरायला हवा. सकाळी सात वाजता डबा, पाणी, दुसऱ्या मुलाची शाळा आणि स्वतःची नोकरी सांभाळणाऱ्या आईला, मुलाला शर्ट स्वतः घालू द्या, असे सांगणे सोपे आहे. एक बटण लावायला त्याला दोन मिनिटे लागतात आणि रिक्षा पाच मिनिटांत येणार असते. म्हणून आम्ही अट अशी घालतो, की सकाळी तुम्ही घाला, पण संध्याकाळी शाळेतून आल्यावर शर्ट काढायचे काम त्याचे. काढणे घालण्यापेक्षा सोपे असते आणि संध्याकाळी घाई नसते. ज्या घरी आजी-आजोबा आहेत तिथे गाडी लवकर पुढे सरकते, कारण त्यांच्याकडे वेळ असतो. फक्त माया जरा आवरावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण शिकलेले घरापर्यंत पोहोचले नाही तर आमच्या सगळ्या नोंदवह्या कोरड्या राहतात.

अठरा वर्षे झाली की शाळा सुटते आणि पालक तो प्रश्न उघडपणे विचारू लागतात, जो त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून असतो: आमच्या माघारी कसे होणार? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा मुलांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची काही सोय केली आहे. ती महत्त्वाची आहे, तरी तिने आईवडिलांची झोप परत येत नाही. काही मुले आमच्या संरक्षित कार्यशाळेत येतात. तिथे दिवाळीआधी पणत्या रंगवून डझनाच्या खोक्यांत भरायचे काम असते. बारापर्यंत मोजता न येणाऱ्यांसाठी लाकडाचा एक साचा केला आहे, त्याला बारा खळगे आहेत. खळगा भरला की पुढचा, सगळे भरले की साचा खोक्यात उपडा. मोजणी लाकडाने केली, पणती मुलाने निवडली, तडकलेली बाजूला काढली, रंग ओला आहे की वाळला हे बोटाने पाहिले. बारा मोजता येत नाहीत म्हणून ज्याला कामावरून घरी बसवले असते, त्याच्या हातचे खोके कधी कमी भरत नाही.

आणि ज्यांना थोडे लिहिता येते त्यांना आम्ही सही शिकवतो. वर्षानुवर्षांच्या लेखनातून बाकी काही उरले नाही तरी सही उरावी, असा माझा आग्रह आहे. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात येतात, आणि जिथे स्वतःचे खाते चालवणे शक्य आहे तिथे अंगठ्याऐवजी आपले नाव उमटवणे मुलांना आणि पालकांना किती मोठे वाटते, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. सहीची अडचण अक्षराच्या वळणात नसते. पहिल्या दिवशी केली तशीच ती सहा महिन्यांनी व्हायला हवी. आमच्याकडच्या एका मोठ्या मुलीने नावाचे पहिले अक्षर, आडनाव आणि खाली एक रेघ अशी आपली सही स्वतः ठरवली आहे. रेघ तिच्या वडिलांच्या सहीखाली असते म्हणून. सध्या ती बँकेच्या कोऱ्या स्लिपांवर सराव करते, कारण तिथली चौकट वहीतल्या ओळीपेक्षा लहान असते. रेघ दर वेळी चौकटीबाहेर जाते. रेघ सोडून देऊ या का, असे मी सुचवले, तेव्हा तिने मान हलवून नको म्हटले. त्यामुळे अक्षरे थोडी लहान काढून रेघ चौकटीत बसवणे, हे या तिमाहीचे उद्दिष्ट तिच्या वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमात लिहिले आहे.